शेवंड धरायची तर स्वतःच्या श्वासावर धरावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात बुडी मारून हाताने शेवंड (लॉबस्टर) धरण्याचा छंद जगातील अनेक किनाऱ्यांवर रुजला आहे. त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ही निसर्गाची लूट वाटते आणि ती सरसकट बंद करावी असे त्यांचे म्हणणे असते. पाणबुड्यांपैकी बरेच जण विचारतात, की जाळे नाही, पिंजरा नाही, माणूस स्वतः पाण्यात उतरून दोन-चार शेवंडी घेऊन येतो, त्याने समुद्राचे काय बिघडते? मी अनेक वर्षे पाण्याखाली जात आलो आहे आणि मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. हौस म्हणून शेवंड धरण्याची मुभा असावी, मात्र ती धरणाऱ्याच्या पाठीवर हवेची टाकी नसावी, असे माझे मत आहे. टाकी लावून समुद्रतळ पाहण्याचा आनंद ज्याने त्याने जरूर घ्यावा, पण त्या बुडीत शेवंडीला हात लावू नये. हे मत कशावर उभे आहे ते सविस्तर मांडू द्यावे, ही विनंती.

हाताने धरण्याच्या पद्धतीचे जे श्रेय आहे ते आधी दिले पाहिजे. ट्रॉलरचे जाळे असो की तळाशी सोडलेला पिंजरा, आत काय आले ते वर ओढल्यावरच कळते. पाणबुड्याला मात्र धरण्यापूर्वी शेवंड समोर दिसते. तिचे आकारमान, शेपटीखाली धरलेली गाभोळी, छातीवर नराने चिकटवलेला शुक्राणूंचा काळसर डाग, या तिन्ही गोष्टी नीट पाहिल्या तर पाण्यातच ओळखता येतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने याच शक्यतेचा कायदा केला आहे. तेथे पाणबुड्याजवळ मोजपट्टी असणे सक्तीचे आहे आणि शेवंड पाण्यातच मोजावी लागते. डोळ्यांवरच्या शिंगांच्या मधोमध सुरू होऊन पाठीचे कवच जेथे संपते तिथपर्यंतची लांबी 3 इंचांहून, म्हणजे सुमारे 76 मिलिमीटरहून अधिक नसेल, तर शेवंड तेथल्या तेथे सोडून द्यायची. अंडी धरलेली मादी घेता येत नाही, आणि भाला, गळ किंवा कवचाला भोक पाडणारे कोणतेही हत्यार वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात तर पाणबुड्याला उघड्या किंवा हातमोजे घातलेल्या हातांखेरीज काहीच वापरता येत नाही. तेथील किमान लांबी सव्वातीन इंच आणि दिवसाची मर्यादा माणशी सात शेवंडींची आहे.

हे नियम चांगले आहेत, परंतु ते पाळणे किती कौशल्याचे काम आहे हे पाण्याबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. उष्ण समुद्रातील काटेरी शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा आणि शेपटीचा झटका एवढीच तिची शस्त्रे असतात. धोका जाणवला की ती मिशांच्या बुडाशी घर्षण करून करकर असा आवाज काढते, कपारीच्या आतल्या भिंतीला पाय रोवते आणि मग कितीही ओढले तरी हलत नाही. जाणता पाणबुड्या अशा वेळी ओढत नाही. तो कपारीच्या तोंडाशी स्थिर राहतो, लवचीक काठीने तिच्या शेपटीमागे हलकेच स्पर्श करून तिला बाहेर येऊ देतो, तिच्या मागे जाळी धरतो आणि मग समोरून काठी दाखवतो. शेवंड झटक्यासरशी मागे उसळते आणि जाळीत शिरते. नवखा माणूस मिशा धरून ओढतो, आणि मिशा त्याच्या हातात राहतात. पाय धरला तर पाय तुटतो, कारण सुटका करून घेण्यासाठी पाय टाकून देणे हा तिच्या शरीराचा स्वभावच आहे. तुटलेले अवयव पुढच्या काही कात टाकण्यांत पुन्हा येतात, पण ती शक्ती वाढीतून वजा होते. जखमी झालेल्या लहान शेवंडी सावकाश वाढतात आणि धरण्यायोग्य मापाला उशिरा पोहोचतात, हे फ्लोरिडातील अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे मापात न बसलेली शेवंड नियमाप्रमाणे सोडून दिली, तरी ती जशी होती तशीच राहते असे नाही. दिवसाउजेडी कपारीबाहेर उघड्यावर सोडलेली शेवंड शिकारी माशांच्या तावडीत सापडण्याचा धोकाही असतो. ज्या कपारीतून तिला काढले तिच्याच तोंडाशी तिला परत ठेवण्याइतका वेळ आणि धीर पाणबुड्याजवळ असला पाहिजे.

आता शेवंडीच्या जन्मकथेकडे वळतो, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज तिच्या अज्ञानातून येतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू शेवंडीसारखे मुळीच दिसत नाही. ते पानासारखे चपटे आणि काचेसारखे पारदर्शक असते. शास्त्रज्ञ त्याला फायलोसोमा म्हणतात. या अवस्थेत ते प्रवाहांबरोबर खुल्या समुद्रात तरंगत राहते. कॅरिबियन समुद्रातील काटेरी शेवंडीत हा काळ सुमारे सहा महिन्यांचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातील जातीत 9 ते 11 महिन्यांचा, आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या थंड पाण्यातील जातीत एक वर्षापासून दोन वर्षांपर्यंतचा असतो. इतका काळ भटकल्यानंतर ते रूप पालटते, काहीही न खाता केवळ साठवलेल्या शक्तीवर किनाऱ्याच्या दिशेने पोहते आणि उथळ पाण्यातील शैवालात किंवा खडकांच्या भेगांत उतरते. वाटेत यांतली बहुसंख्य पिल्ले मरतात. मोठी मादी एका वेळी लाखो अंडी का वाहते, याचे उत्तर या प्रवासात आहे.

यातून निघणारी गोष्ट पाणबुड्यांनी मनावर घेण्यासारखी आहे. आपल्या खडकावर आज दिसणाऱ्या शेवंडी बहुधा आपल्या खडकावरच्या मादीची संतती नसतात. त्या कोठून तरी दूरवरून आलेल्या असतात, आणि आपल्याकडची मादी जी अंडी सोडते त्यांचा लाभ दुसऱ्याच किनाऱ्याला होण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘आमच्याकडे तर भरपूर आहेत’ हा युक्तिवाद टिकत नाही. आजची रेलचेल काही वर्षांपूर्वीच्या प्रवाहांनी आणि कुठल्या तरी दूरच्या माद्यांनी दिलेली असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. किनाऱ्याला लागणारी कोवळी पिल्ले मोजण्यासाठी तेथे कृत्रिम शैवालाचे सापळे पाण्यात ठेवले जातात, आणि त्या मोजणीवरून तीन-चार वर्षांनंतर किती शेवंड मिळेल याचा अंदाज बांधला जातो. 2008-09 च्या हंगामात ही संख्या फारच घसरली, तेव्हा तेथील व्यवस्थेने शेवंडी कमी दिसू लागण्याची वाट न पाहता आधीच पकड कमी केली आणि त्यानंतर कोटा पद्धत आणली. शाश्वत मासेमारीचे मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र 2000 साली जगात सर्वप्रथम या शेवंड-मासेमारीला मिळाले होते. ज्यांच्याजवळ मोजणी होती त्यांना वेळेवर थांबता आले.

टाकीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मोठ्या माद्यांमुळे. मादी जसजशी वाढते तसतशी तिची अंडी वाढतात, आणि ती वाढ तिच्या लांबीच्या मानाने कितीतरी अधिक वेगाने होते. अमेरिकी नांगीवाल्या शेवंडीची जेमतेम अर्धा किलोची मादी सुमारे आठ हजार अंडी धरते, तर चार किलोच्या आसपासची मादी एक लाखापर्यंत अंडी धरू शकते. अमेरिकेतील मेन राज्याच्या मच्छीमारांनी हे जाणून किमान मापाबरोबर कमाल मापही ठेवले आहे. सव्वातीन इंचांपेक्षा लहान आणि पाच इंचांपेक्षा मोठी शेवंड ते पाण्यात परत सोडतात. अंडी धरलेली मादी पिंजऱ्यात आली तर तिच्या शेपटीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून तिला सोडले जाते, म्हणजे पुढे अंडी नसतानाही ती सिद्ध झालेली जननी म्हणून ओळखू येते आणि कोणी तिला घेत नाही. त्याच राज्यात बुडी मारून शेवंड धरण्यास मुळातच बंदी आहे, तर थोड्या दक्षिणेकडील मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना काढून धरता येते. एकाच किनारपट्टीवरच्या राज्यांनीही एकाच प्राण्याबाबत वेगळे निर्णय घेतले आहेत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण टाकीवरील बंदीची मागणी काही तरी अघटित आहे असा समज होऊ नये.

अनेक जातींच्या मोठ्या शेवंडी उथळ पाण्यापेक्षा खोल कडांवर अधिक आढळतात. फ्लोरिडाच्या प्रवाळखडकांवर अंडी सोडण्याच्या काळात माद्या बाहेरच्या, खोल बाजूकडे सरकतात. स्वतःच्या श्वासावर बुडी मारणारा सर्वसाधारण हौशी माणूस पाच-दहा मीटरपर्यंत जातो आणि तळाशी त्याला मिळतो तो फार तर मिनिटभराचा वेळ. त्या वेळेत एखादी शेवंड दिसली, मापली आणि धरली तर धरली, नाही तर वर यावेच लागते. टाकी लावलेला माणूस तीस मीटरवर सावकाश फिरतो, प्रत्येक कपारीत दिवा टाकून पाहतो आणि सर्वांत मोठी शेवंड निवडतो. माणसाच्या श्वासाने शेवंडीसाठी जो आसरा आपोआप राखून ठेवला होता तो टाकीने मोडून टाकला. दैनंदिन मर्यादा कितीही कडक केली तरी ही हानी भरून निघत नाही, कारण मर्यादा संख्येची असते आणि टाकीवाला त्या संख्येत सर्वांत मोठ्या जननी भरतो.

दक्षिण आफ्रिकेने हौशी लोकांना शेवंड धरण्यासाठी टाकी किंवा कोणतेही कृत्रिम श्वसनयंत्र वापरण्यास मनाई केली आहे. तेथे स्नॉर्केल, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घेण्याची तोंडात धरायची नळी, आणि स्वतःचा दम एवढ्यावरच धरता येते. बहामाज बेटांवरही टाकी लावून शेवंड काढता येत नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांत पाण्याखालील भाल्याच्या शिकारीसाठी हाच नियम आहे. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण देताना हेही सांगितले पाहिजे, की तेथील पश्चिम किनाऱ्यावरची शेवंड आज अत्यंत बिकट अवस्थेत आहे आणि त्याला मुख्यतः दीर्घकाळची अतिमासेमारी व संघटित चोरटी पकड कारणीभूत आहे. टाकीबंदी एकटीने कोणताही साठा वाचवत नाही. तरीही जे आपल्या हातात आहे ते करावे, असे मला वाटते.

मोठ्या शेवंडींचे दुसरेही एक काम आहे. टास्मानियाच्या किनाऱ्यावर लांब काट्यांच्या समुद्री अर्चिनांनी (गोल, काटेरी सागरी प्राण्यांनी) केल्प शैवालाची पाण्याखालची जंगले खाऊन तळ उघडा बोडका केल्याची उदाहरणे आहेत. हे मोठे अर्चिन खाऊ शकते ती फक्त चांगली मोठी, पाठीचे कवच 140 मिलिमीटर किंवा त्याहून लांब असलेली शेवंड. जेथे अशा शेवंडी धरून संपवल्या गेल्या तेथे अर्चिनांना आवर घालणारे कोणी उरले नाही. न्यूझीलंडमधील ली येथे 1975 साली सागरी राखीव क्षेत्र जाहीर झाले. तेथे स्नॅपर मासे आणि शेवंडी वाढल्यावर अर्चिन कमी झाले आणि केल्प परतले. केवळ किमान माप पाळणारा पाणबुडा आपण सर्व नियम पाळले असे मानून घरी जातो, तेव्हा त्याने त्या खडकावरची ही एक रखवालदारीही उचलून आणलेली असू शकते.

आता माणसाच्या जिवाविषयी. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, आणि म्हणून टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते. अंगमेहनत केली तर त्याहून लवकर. त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि पाणबुड्या घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे सांध्यांत, पाठीच्या कण्यात, मेंदूत तयार होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगीही चढू लागते आणि नेमकी निर्णयशक्ती मंदावते. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातील हवा दाब घटताच प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते, हा वेगळा धोका.

हे सर्व प्रत्येक प्रशिक्षित पाणबुड्याला पाठ असते. शेवंड दिसली की त्यांतले किती आठवते, हा खरा प्रश्न आहे. निव्वळ पाहायला उतरलेला माणूस दर काही मिनिटांनी हवेचा काटा पाहतो आणि जोडीदाराकडे नजर टाकतो. शेवंडीच्या मागे लागलेल्या माणसाचे डोके कपारीत असते, जोडीदार दुसऱ्या कपारीत असतो, श्वास जोरात चाललेला असतो, आणि ‘ही एक धरली की वर जाऊ’ हा विचार त्याला काटा पाहू देत नाही. त्यात पिशवी भरली की पाण्यातून जाताना तिचा अडथळा वाढतो. कपारीत शेवंडीच्या शेजारी मोरे ईल हा सापासारखा लांब मासा दडलेला असू शकतो, त्याच्या चाव्याने हात फाटल्याच्या घटना ठाऊक नसलेला पाणबुडा विरळा. दिवसभर होडी एका खडकावरून दुसऱ्यावर नेत पुन्हा पुन्हा खाली-वर करणे हेही नायट्रोजनच्या दृष्टीने वाईट. फ्लोरिडात नियमित हंगाम 6 ऑगस्टला सुरू होण्याआधी, जुलैच्या अखेरच्या सलग बुधवारी आणि गुरुवारी, फक्त हौशी लोकांसाठी दोन दिवसांचा छोटा हंगाम असतो. त्या दोन दिवसांत समुद्रावर होड्यांची झुंबड उडते, आणि पाणबुड्यांच्या मृत्यूच्या बातम्या त्या काळात वारंवार आल्या आहेत. या हंगामाच्या आधी आणि नंतर खडकांची पाहणी करणाऱ्या संशोधकांना शेवंडींच्या संख्येत मोठी घट आढळली. आनंदासाठी आखलेल्या दोन दिवसांत घाईचे असे रान माजावे, हे मला अतिशय खेदाचे वाटते.

टाकी आणि शेवंड यांचे नाते पोटासाठी कुठवर जाऊ शकते ते होंडुरास आणि निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर दिसले. मिस्किटो समाजातील तरुण तेथे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, जाणाऱ्या शेवंडींसाठी पुरेसे प्रशिक्षण आणि धड उपकरणे नसताना दिवसाला अनेक टाक्या संपवत खोल बुड्या मारत आले. त्यांतले अनेक जण कमरेखाली लुळे झाले, अनेक दगावले. होंडुरासमधील 42 मिस्किटो पाणबुड्यांच्या प्रकरणात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने 31 ऑगस्ट 2021 रोजी निकाल देऊन त्या देशाच्या शासनाची जबाबदारी निश्चित केली. हौशी पाणबुड्याची त्यांच्याशी बरोबरी करता येणार नाही. त्याला परत येऊन पोट भरायचे नसते, तो केव्हाही थांबू शकतो. मला याच कारणाने वाटते, की ज्याला थांबण्याची मुभा आहे त्याने तरी हा धोका शेवंडीसाठी पत्करू नये.

श्वासावरची बुडीही निर्धोक नाही, हे मी लपवणार नाही. बुडीपूर्वी जोरजोरात भराभर श्वास घेणारा माणूस रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटवतो. ऑक्सिजन वाढत नाही, पण श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते, आणि वर येताना शेवटच्या काही मीटरांत, दाब घटताच, शुद्ध हरपते. पाण्याखालचा हा मृत्यू आवाज करत नाही आणि चांगल्या पोहणाऱ्यांनाच तो अधिक गाठतो. त्यामुळे एकाने खाली जावे आणि दुसऱ्याने वरून पाहत राहावे, वर आलेल्यावर अर्धा मिनिट तरी नजर ठेवावी, आणि बुडीच्या दुप्पट वेळ तरी पृष्ठभागावर विश्रांती घ्यावी, ही शिस्त परवान्याच्या अटींतच लिहिली गेली पाहिजे. पाण्यात माणूस असल्याची खूण करणारा झेंडाही सक्तीचा हवा. फ्लोरिडात लाल झेंड्यावर पांढरा तिरका पट्टा असतो आणि खुल्या पाण्यात त्याच्या 300 फुटांच्या आत होडीला अगदी सावकाश चालावे लागते. होडीचा पंखा लागून होणारे अपघात टाळण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

हौशी लोकांची पकड व्यावसायिकांच्या तुलनेत नगण्य आहे, हा आक्षेप मला वारंवार ऐकावा लागतो. काही किनाऱ्यांवर तो खराही असेल. पण फ्लोरिडात काटेरी शेवंडीच्या एकूण पकडीत हौशी लोकांचा वाटा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा आहे, आणि याला नगण्य म्हणता येत नाही. शिवाय व्यावसायिक मासेमारीवरचे नियम हौशी माणसापर्यंत पोहोचतातच असे नाही. भारताने 2003 साली शेवंडींच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. पॅन्युलिरस पॉलिफेगस या जातीला 300 ग्रॅम, पॅन्युलिरस होमारसला 200 ग्रॅम, पॅन्युलिरस ऑर्नाटसला 500 ग्रॅम. नियम योग्य होता, परंतु तो निर्यातीच्या दारावर उभा आहे. जी शेवंड त्या दारापर्यंत जातच नाही तिला तो लागू पडत नाही. आणि उशीर झाला तर काय होते हेही याच देशाने पाहिले आहे. मुंबईसमोरच्या समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यांत सापडणारी चपट्या डोक्याची वाळूतली शेवंड 1980 च्या दशकात चांगली मिळत असे. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारी कोसळली. ते काम पाणबुड्यांचे नव्हते. एखादी जात किती लवकर हातची जाते, एवढ्यापुरतेच ते उदाहरण मी देतो.

हौस आणि विक्री यांच्यातली रेषा पुसट होऊ न देणे हेही तितकेच आवश्यक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात हौशी माणसाने धरलेल्या शेवंडीच्या शेपटीच्या पंख्याचा मधला भाग कापावा किंवा त्याला भोक पाडावे लागते. अशी खूण केलेली शेवंड विकता येत नाही, आणि विकायला आली तर लगेच ओळखू येते. एवढीशी कात्री चोरट्या विक्रीवर मोठे काम करते. परवाना जेथे सुरू होईल तेथे पहिल्या दिवसापासून ही अट असावी.

राखीव क्षेत्रांना पाणबुड्यांचा विरोध असतो, त्याबद्दलही थोडे लिहितो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर 2012 साली सागरी संरक्षित क्षेत्रांचे जाळे लागू झाले, तेव्हा जागा गेल्याची तक्रार झाली. त्यांपैकी दोन क्षेत्रांच्या परिसरातील शेवंड-मासेमारीचा 2021 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की मासेमारीची जागा 35 टक्क्यांनी घटली, पण सहा वर्षांनंतर तेथील एकूण पकड 225 टक्क्यांनी वाढली, कारण राखीव भागात वाढलेल्या शेवंडी सीमेबाहेर येऊ लागल्या. बंद ठेवलेल्या खडकाच्या कडेला धरणाऱ्यालाही अखेर अधिक मिळते. टाकी लावून शेवंडी पाहायच्या असतील तर अशा राखीव खडकांसारखी जागा नाही. तेथे त्या माणसाला बिचकून आत ओढून घेत नाहीत. कपारीच्या तोंडाशी मिशा हलवत उभ्या राहतात.

जेथे जेथे या छंदासाठी नियम केले जात आहेत किंवा जुने बदलले जात आहेत, तेथील अधिकाऱ्यांना आणि पाणबुड्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे. शेवंड धरण्यासाठी टाकी आणि होडीवरच्या कॉम्प्रेसरची श्वासाची हवा पुरवणारी नळी या दोन्हींना बंदी असावी, आणि ज्या होडीवर टाक्या आहेत तीवर शेवंड ठेवण्यासही बंदी असावी, नाही तर नियम तपासणे अशक्य होईल. किमान मापाबरोबर कमाल माप ठरवावे. मोजणी पाण्यातच व्हावी, गाभोळी किंवा छातीवर डाग असलेली मादी सोडून द्यावी, आणि माद्या अंडी धरण्याच्या ऐन काळात हंगाम बंद असावा. हा काळ जातीप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतो, म्हणून तो दुसऱ्या किनाऱ्यावरून उचलून आणू नये. रात्रीची पकड पूर्णपणे थांबवावी, कारण शेवंड रात्री कपारीबाहेर चरायला निघते आणि दिव्याच्या झोतात तिला उचलणे फारच सोपे होते.

आणि प्रत्येक परवान्याबरोबर नोंदीचे कार्ड द्यावे. कॅलिफोर्नियाने 2008 पासून असे कार्ड सक्तीचे केले आहे. त्यावर तारीख, ठिकाण, पद्धत आणि ठेवून घेतलेल्या शेवंडींची संख्या लिहावी लागते, आणि हंगामानंतर ते परत न करणाऱ्याला दंडाची रक्कम भरावी लागते. आपल्याकडे कार्ड आले तर त्यात सोडून दिलेल्या शेवंडींसाठीही एक रकाना ठेवावा, अंडी धरलेल्या माद्या किती दिसल्या ते विचारावे, आणि ज्या दिवशी काहीच मिळाले नाही त्या दिवसाचीही नोंद मागावी. रिकाम्या हातांनी परतलेल्यांची कार्डे आली नाहीत तर खडकावर शेवंडी कमी होत आहेत की नाही, हे कोणालाही कळणार नाही.

आपला नम्र,
एक पाणबुड्या वाचक